पाणचक्कीचे जाते कोणी घडविले?

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आज्ञा केली. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. इतिहास शिकविला तो क्रमिक पुस्तकातला. संशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार माझा नाही. तथापि सांगण्याजोगे थोडे जवळ आहे, म्हणून लेखणी उचलली.

ज्ञातीच्या स्मरणिकांतून इतिहास लिहिण्याची एक ठरीव रीत असते. आरंभी एखादा ऋषी किंवा राजा येतो, त्याच्यापासून आपला वंश निघतो, मध्यंतरी कोणाचा तरी शाप लागून दुर्दशा ओढवते, आणि शेवटी पूर्ववैभवाची आठवण करून देऊन लेख संपतो. असे लेख मी पुष्कळ वाचले. ते वाचताना छाती फुगते हे खरे. पण पुस्तक मिटले की आपल्या आजोबांच्या हातांवरचे घट्टे कशाचे होते ते त्यात कोठे सापडत नाही. म्हणून मी राजाविषयी न लिहिता एका जात्याविषयी लिहिणार आहे. हे जाते माणसाने ओढावयाचे नाही, पाण्याने फिरावयाचे. आपल्या नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ मंडळींनी वेरूळला जाता-येता ते पाहिलेही असेल. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ती हीच.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे सत्पुरुष मध्य आशियातील बुखाऱ्याजवळच्या गिजदुवान गावचे, नक्शबंदी पंथाचे. औरंगजेबाचे गुरू म्हणून लोक त्यांस ओळखतात. त्यांच्याजवळ तुराणातून आलेले फकीर, शिपाई, वाटसरू, विद्यार्थी यांचा राबता असे. त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी या मंडळींच्या आठवणींचा एक फारसी ग्रंथ तयार केला. सायमन डिग्बी या विद्वानाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या ठिकाणी शेकडो माणसे येतात, राहतात, जेवतात, तेथे पिठाची काळजी आधी लागते. आपल्या नांदेडास १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजींचे देहावसान झाले. त्या ठिकाणी आजही अखंड लंगर चालतो. लंगरात बसून जेवणाऱ्याला रोटी दिसते, दळण दिसत नाही. औरंगाबादच्या तक्क्याची गरजही याच जातीची होती.

ती गरज त्यांनी पाण्याकडून भागवून घेतली. शहराबाहेर हर्सूलच्या बाजूच्या उंचवट्यावरून पाण्याची एक नहर काढली. ती जमिनीखालून, कित्येक किलोमीटर, दगडचुन्याच्या मार्गाने आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून आणली. बंद नळातून आलेले पाणी ज्या उंचीवरून निघाले असेल जवळजवळ त्या उंचीपर्यंत पुन्हा चढते, हा नियम आपण सातवी-आठवीच्या मुलांना शिकवितो. त्या नियमाच्या बळावर पाणी दर्ग्याजवळच्या उंच भिंतीवर चढविले आणि तेथून हौदात सोडले. हा हौद १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे. त्याची खुबी अशी की, त्याचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. वर पाणी आणि खाली, जाड खांबांच्या आधाराने उभ्या असलेल्या दालनात, उन्हाळ्याच्या दुपारी यात्रेकरूंना गारवा! एवढे पाणी डोक्यावर पेलून धरणारे छत घालणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी दगडाला दगड बसविला आहे त्यास सांगावयास नको.

हौद आणि कारंजी जमीलबेगखान याची, आणि प्रत्यक्ष चक्की निजामुल्मुल्काच्या पदरी असलेला सरदार तुर्कताजखान याने १७४४ च्या सुमारास बांधविलेली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढल्या अर्धशतकात हे सारे टप्प्याटप्प्याने उभे राहिले. निजाम सरकारच्या काळात, १८८४ मध्ये निघालेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरपासून आजच्या प्रवासमार्गदर्शक पुस्तकांपर्यंत पाहावे, तर हीच तीन-चार नावे पुन्हा पुन्हा येतात.

आता चक्कीची रचना पाहू. नदीवरच्या गिरणीचे चित्र म्हणून पुस्तकांत मोठे उभे चाक दाखवितात, तसे चाक येथे नाही. येथे आडवे चाक आहे. त्याला लोखंडी पाती आहेत. उंचावरून येणारे पाणी जोराने पात्यांवर आदळते, चाक भिंगरीसारखे फिरते. चाकाच्या मध्यातून उभा कणा वर जातो, खालच्या तळीच्या भोकातून आरपार निघतो आणि वरच्या तळीला फिरवितो. मधे दातेरी चाके नाहीत, पट्टे नाहीत. पाणी जितक्या वेगाने चाक फिरवील तितक्याच वेगाने दगड फिरावयाचा. हिमालयात, गढवाल-कुमाऊंच्या आणि हिमाचलाच्या ओढ्यांवर अशाच आडव्या चाकाच्या चक्क्या आहेत. त्यांस तेथे घराट म्हणतात.

ही युक्ती फार जुनी. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात पाण्याच्या चक्कीचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्याच सुमाराच्या एका ग्रीक कवीने दळणाऱ्या दासींना उद्देशून कविता केली : आता पहाटे उठू नका, तुमचे काम जलदेवता करीत आहेत, असा तिचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वी त्या दूरदेशीच्या कवीच्या मनात आधी दळणाऱ्या बाईचा विसावा आला, हे मला विशेष वाटते. इंग्लंडात १०८६ मध्ये राजाने सर्व गावांची पाहणी करविली, तेव्हा पाच-सहा हजार पाणचक्क्यांची नोंद झाली. तेथे गावोगाव चक्की होती.

आपल्याकडे गावोगाव का नव्हती? उत्तर मांजरा नदीच्या पात्रात उभे राहिले की मिळते. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्या पावसाळ्यात दोन्ही काठ गिळतात आणि माघ-फाल्गुनात त्यांच्या वाळूत झरे खणावे लागतात. दळण मात्र बारा महिने, रोजच्या रोज. चार महिने फिरून आठ महिने उभ्या राहणाऱ्या चक्कीवर संसार चालत नाही. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आपल्या मुलाबाळांनी ते डोळ्यांनी पाहिले. अशा मुलखात पाण्याने जाते फिरविण्याचा विचार कोणास सुचावा? तेव्हा आपल्याकडची चक्की म्हणजे घरचे जाते आणि तिचा ओढा म्हणजे घरची बाई. पहाटेच्या काळोखात दोघी समोरासमोर बसत. एकीचा हात खुंट्यावर, दुसरीचा त्यावर. आणि ओवी सुरू होई. ओव्यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, ते योग्यच. पण ओवी ज्याच्या तालावर चालली त्या दगडाविषयी, आणि तो दगड ज्याने घडविला त्याच्याविषयी लिहिलेले मला फार थोडे आढळले.

येथे मूळ प्रश्नाकडे येतो. पाणचक्कीचे जाते कोणी घडविले?

ते वडारांनीच घडविले, असे मी लिहिणार नाही. तसे लिहिले असते तर या पानावर टाळ्या पडल्या असत्या. परंतु पुराव्याविना केलेला दावा दुसऱ्या समाजाच्या स्मरणिकेतही तितक्याच सुखाने करता येतो. दख्खनेत दगड घडविणारे आपण एकटेच नव्हतो. पाथरवट होते, बेलदार होते, मुसलमान संगतराश होते. त्या काळचे राज्यकारभाराचे दप्तर फारसी. त्या भाषेत दगड घडविणारा तो संगतराश आणि फावड्याने माती उकरणारा तो बेलदार. अबुल फजलाच्या ऐन-ए-अकबरीत या दोघांच्या मजुरीचे दर दिलेले आहेत. दर आहेत, नावे नाहीत. म्हणजे इतिहासाने आपल्या धंद्याची नोंद ठेवली ती खर्चाच्या बाजूला. जो तरुण पुढे अभ्यास करील त्याने हे ध्यानात ठेवावे की, जुन्या दप्तरात 'वडार' हा शब्द शोधून तो निराश होईल. त्याने संगतराश आणि बेलदार या शब्दांखाली शोध घ्यावा. त्या शब्दांच्या आड आपली माणसे असतील, दुसऱ्यांचीही असतील.

एक गोष्ट मात्र दप्तराविना सांगता येते, कारण ती दगडाच्या स्वभावातच आहे. जाते एकदा घडवून काम संपत नाही. दळता दळता तळ्यांची तोंडे गुळगुळीत होतात. गुळगुळीत दगड धान्य फोडीत नाही, नुसते चेंगरतो. पीठ गरम होते, जाडेभरडे पडते. मग वरची तळी उचलून दोन्ही तोंडांना टाकीने पुन्हा बारीक टोचे मारावे लागतात. यालाच जात्याला टाकी लावणे म्हणतात. घरी वापरावयाचे जाते वर्षातून एक-दोन वेळा टाकविले तरी भागे. जी चक्की पाण्याने तासन् तास फिरते आणि शेकडो माणसांचे पीठ काढते, तिची तळी किती लवकर झिजेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. तुर्कताजखानाने चक्की एकदाच बांधविली. पण ती जितकी वर्षे दळत राहिली तितकी वर्षे कोणी तरी टाकी आणि हातोडी घेऊन त्या दगडासमोर उकिडवे बसत होते. त्याच्यावाचून ती चक्की काही महिन्यांतच मुकी झाली असती.

हे काम कसे होते ते माझ्या घरात मी पाहिले आहे. आपल्यात पूर्वीपासून कामाप्रमाणे पोटभेद पडले. गाडी वडार खाणीतून दगड काढीत आणि बुटक्या, भरीव चाकांच्या गाडीला हल्या जुंपून तो वाहून नेत. माती वडार विहिरी, तळी, बांध, रस्ते यांचे मातीकाम करीत. आणि पाथरूट म्हणजे जाती, पाटे-वरवंटे, उखळे घडविणारे. आमचे घर या तिसऱ्यांतले.

जात्याचा दगड निवडणे हीच अर्धी विद्या. दगडावर सुतकीचा हलका ठोका द्यावयाचा आणि कान द्यावयाचा. खणखणीत बोलला तर घ्यावा. बद्द बोलला तर आत चीर आहे असे समजून तेथेच सोडावा. लातूरकडचा काळा पाषाण घट्ट व चिवट, परंतु त्यात काही थर सच्छिद्र निघतात. ते भिंतीला चालतात, जात्याला चालत नाहीत, कारण छिद्रांत पीठ बसून कुजते. नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला दगडाची जातच बदलते. तेथे करडा-तांबूस, रवाळ दगड लागतो. त्याला टाकी निराळी, हाताचा जोर निराळा. औशाजवळच्या खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा कोरावयास सोपा, पण त्याचे जाते करू म्हणाल तर पिठापेक्षा मातीच अधिक खावी लागेल. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की, मराठवाडा काळ्या दगडाचा प्रदेश आहे. माझे वडील निरक्षर होते. पण कोणत्या शिवारात कोणता दगड हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक बारकाव्याने ठाऊक होते.

दगड ठरला म्हणजे त्यावर ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकीत. एकेका पाचरीवर क्रमाने घाव घालीत जावयाचे, घाई करावयाची नाही. दगड आपल्या रेषेवर आपणच सुटतो. मग गोल काढावयाचा. दीड-एक फूट रुंदीची खालची तळी, तेवढीच वरची. तोंडे सपाट झाली की नाहीत ते पाहण्यासाठी सरळ लाकडी पट्टीला गेरू फासून ती दगडावर फिरवीत. जेथे तांबडा डाग पडला तेथे उंचवटा. तो टाकीने उतरावयाचा. तोंड अगदी सपाटही करून चालत नाही. मध्यभागी वैरण पडते, तेथे किंचित मोकळीक हवी. काठाकडे जाता जाता दोन्ही तळ्या जवळ येतात, तेथे पीठ बारीक होते. ही मोकळीक बोटाने चाचपून ठरे. वरच्या तळीला मधे वैरणीचे तोंड, कडेला खुंट्याचे भोक. खालच्या तळीत खीळ, आणि तिच्यावर वरची तळी तोलून धरणारी लाकडी माकडी. नवे किंवा नुकतेच टाकविलेले जाते घरात आले की त्यावर पहिल्याने कोंडा दळीत. त्यात दगडाची कच येई, म्हणून ते दळण टाकून देत.

सुगी आटोपली की आमचे लोक गावोगाव निघत. "टाकीऽ, जात्याला टाकीऽ" अशी आरोळी गल्लीतून गेली की बाया जाती बाहेर काढीत. टाकीचा मोबदला बहुधा सुपातून ज्वारीच्या रूपाने मिळे. लग्नघरी हळद दळण्यापूर्वी जात्याची पूजा होते, त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, सुवासिनी त्याला हात लावून गाणी म्हणतात. ते जाते घडविणारा मात्र त्या वेळी वेशीबाहेर पालात असे. टाकीचे घाव सोसल्याविना देवपण येत नाही, ही म्हण कीर्तनकार सांगतात, गुरुजी सांगतात. मीही वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. म्हणीत दगडाचे कौतुक आहे, देवाचे आहे. टाकी आपोआप चालते असे म्हण करणाऱ्याला वाटले असावे.

भाषेतही खूण राहिली आहे. आपण घरात जी वडारी बोलतो ती तेलुगूच्या कुळातली. दगडकामात मराठी माणूसही 'सुतकी' म्हणतो. हा शब्द कानडीतील 'सुत्तिगे' आणि तेलुगूतील 'सुत्ति' यांचा सख्खा भाऊ दिसतो. शब्द हत्याराबरोबर येतो आणि हत्यार माणसाच्या खांद्यावरून येते. आपले नाव ओड्र देशाशी, म्हणजे ओरिसाशी, जोडतात. आंध्रात ओड्डे किंवा वड्डेर, कर्नाटकात वड्डर, गुजरातेत ओड. गुजरातेतल्या ओडांची जस्मा तर फार प्रसिद्ध आहे. पाटणच्या सहस्रलिंग तलावाच्या खोदकामावर माती वाहणाऱ्या या स्त्रीवर सिद्धराज जयसिंहाची दृष्टी गेली. तिने राणीपद नाकारले, प्राण दिला, आणि तुझ्या तळ्यात पाणी ठरणार नाही असा शाप दिला. ही कथा आहे, इतिहास नव्हे. तरी तळे राजाचे म्हणून ओळखले जात असता लोकांनी आठवण ठेवली ती माती वाहणारीची, असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

चक्कीइतकेच तिचे पाणीही महत्त्वाचे, म्हणून दोन शब्द खोदकामाविषयी. औरंगाबादेस जमिनीखालून पाणी आणण्याची परंपरा शाह मुसाफिरांच्याही आधीची. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी गाव वसविले आणि त्यास नहरीने पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बिदरचे. तेथे नौबादेस बहामनी काळातील करेझ आहे. जांभ्याच्या पोटातून खोदलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर थोड्या थोड्या अंतराने हवेसाठी व गाळ काढण्यासाठी उभ्या विहिरी. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, तेव्हा हा करेझ आपल्याच जिल्ह्यातला म्हणावयाचा. कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळचा, हजार वर्षांहून जुना. त्याचे नावही राजाच्या बिरुदावरून. इतकी माती कोणी काढली, कोणत्या टोपल्यांनी काढली, हे बांधावर उभे राहिले की विचारावेसे वाटते.

आपली माणसे कागदावर नावानिशी केव्हा आली? इंग्रजी अमदानीत जातींची वर्णने लिहिण्याची लाट आली तेव्हा. थर्स्टन याने १९०९ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातील जातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात ओड्डे लोकांच्या विहिरी, तळी आणि दगडकामाची वाखाणणी आहे. निजामाच्या राज्यातील जातींवर सय्यद सिराजुल हसन यांचा ग्रंथ १९२० चा. त्यातही आपल्यावर प्रकरण आहे. याच काळात दुसऱ्या एका यादीतही आपले नाव गेले, ती गुन्हेगार जमातींची. ज्यांनी खोदलेल्या विहिरींचे पाणी गाव पीत होते त्यांनी पोलीसपाटलापुढे हजेरी द्यावयाची, असा तो काळ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि आपण 'विमुक्त' झालो. पुढे १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तसे आपल्या सोयरिकीचेही झाले. देगलूरच्या मुलीचे माहेर बिदरकडे आणि आजोळ निजामाबादेकडे असते. आज त्या तीन घरांत महाराष्ट्रातले विमुक्त जातीत, कर्नाटकातले अनुसूचित जातीत आणि तेलंगणातले मागासवर्गात मोडतात. टाकी एकच, रकाने तीन.

या रकान्यांचा त्रास आपल्या मुलांना रोजचा आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो, गावात घर असते. ज्याचे घर पालाचे आणि पाल कामाच्या जागी, त्याने तो पुरावा कोठून आणावा? शिक्षक या नात्याने मी एवढेच सांगू शकतो की, शाळांचे जुने दाखलखारीज रजिस्टर हा आपल्यासाठी मोठा ठेवा आहे. आमच्या शाळेच्या कपाटात असे एक रजिस्टर होते. पाने पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. त्यात एका मुलाच्या नावापुढे जात 'वडार', पालकाचा धंदा 'दगडफोड' आणि शेरा 'गैरहजर, नाव कमी केले' असे तीन शब्दांचे चरित्र होते. मूल पुरते चार महिनेही शाळेत बसले नव्हते. काम संपले, पाल उठले, शाळा सुटली. त्या एका ओळीच्या आधारावर साठ वर्षांनी त्याच्या नातवाला जातीचा दाखला मिळाला. निजामाच्या अमदानीतील कागद बरेचसे उर्दूत आहेत. त्यात धंदा 'संगतराशी' असा लिहिलेला आढळला तर तो कागद फेकू नये, जाणकाराकडून वाचून घ्यावा.

पाणचक्कीचे दळण आता थांबले आहे. ती पाहण्यापुरती उरली. तिच्या आवारात वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, हौदाकाठच्या जुन्या वडाखाली प्रवासी बसतात, मुले हौदातले मासे पाहतात. आपल्या गावांतली जातीही थांबली. तेलाच्या एंजिनावरची पिठाची गिरणी आली, मागून विजेची आली, आता घरातच घरघंटी आली. बायांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, ते फार चांगले झाले. जात्यासाठी डोळे गाळणाऱ्यांनी एक पायली ज्वारी स्वतः दळून पाहावी. गिरणीच्या दगडालाही टाकी लागतेच, पण ती गिरणीवाला आपणच लावतो. आपल्या लोकांची फेरी बंद पडली, पाठोपाठ खडी फोडण्याचे यंत्र आले, आणि हात रस्त्याच्या, ऊसतोडीच्या, शहरातल्या बांधकामाच्या कामाकडे वळले.

जुनी जाती आज पायऱ्यांना लावलेली दिसतात, तुळशीपाशी पडलेली दिसतात, काही तर हॉटेलांच्या शोभेत जाऊन बसली. ती उलटी करून पाहिली तर टोचे अजून स्पष्ट दिसतात. घडविणाऱ्याच्या हाताप्रमाणे त्यांची ठेवण बदलते : कोणाचे मधून काठाकडे ओळीने गेलेले, कोणाचे विखुरलेले, डाव्या हाताच्या माणसाचे उलट कलाचे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने एवढे लिहून ठेविले आहे.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी मंडळाने एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती कार्यकर्त्यांनी मान्य केली आहे. ज्या घरी सत्तरीच्या पुढची माणसे आहेत त्यांनी जात्याच्या, खाणीच्या व मातीकामाच्या हत्यारांची वडारी नावे, दगडाच्या जातींची नावे आणि ज्या तळ्यावर, धरणावर, रेल्वेच्या कामावर वडिलधारे होते त्या कामाचे नाव व साल, आठवेल तसे, मुलांकरवी लिहवून पाठवावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ती मी पाहीन. घरात जुनी सुतकी, टाकी, पहार असेल तर ती भंगारात घालण्यापूर्वी कळवावे. हत्यारावर दांडा नसला तरी चालेल.